गाठ बाहेरच्या बाजूला

प्रिय शेपट्या,

दचकलास ना? लहानपणी शेपटासारखा सतत माझ्या मागे मागे यायचास म्हणून पडलेलं हे नाव, त्याने तुला शेवटची हाक कधी मारली ते माझं मलाच आठवत नाही. मिसरूड फुटल्यावर एकदा सगळ्या मित्रांदेखत तू माझ्यावर खेकसला होतास, की पुन्हा शेपट्या म्हणालीस तर याद राख. तुझ्या धमकीला घाबरून नाही, पण तुझे लालबुंद कान बघून मी ते नाव टाकून दिलं. आज मुद्दाम वापरलंय, का ते शेवटी सांगेन. तोवर निमूट ऐकायचं. पार्सलमध्ये तुझा जहाजावर कामाला घालायचा अंगभर बॉयलर सूट आहे आणि हे पत्र त्याच्या छातीच्या खिशात ठेवलंय. सुटाची घडी मोडू नकोस. आधी पत्र वाच, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, मग सूट. बंदरात उतरल्यावर कंपनीचा माणूस नव्या कराराचा कागद पुढे करेल, त्यावर पत्र संपेपर्यंत सही करायची नाही. मोबाईलला रेंज आली म्हणून कुणाला काही पाठवायचंही नाही. कपाळाला आठ्या घालू नकोस, मला इथून दिसतायत.

तू मनात म्हणत असशील, आलं त्या चोराचं नवं सोंग. आधी मेल, मग फोटो, मग ऑफिसमार्फत निरोप, आणि आता हाताने लिहिलेलं पत्र. तुझं चुकत नाही. तुला सावध केलं गेलंय, की बहिणीच्या नावाने एक भामटा लिहितोय, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. त्यात खोटं काहीच नाही रे. भामटा आहेच. फक्त ज्याला तू ताई समजून मन मोकळं करतोयस तो भामटा आहे, आणि ज्याला भामटा म्हणून शिव्या घातल्यास ती मी आहे. यापुढची एक गोष्ट खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती. पण ती वाचताच तू पत्राचे तुकडे करून समुद्रात भिरकावशील, तुझा राग मला ठाऊक आहे. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

सुरुवात अगदी फालतू झाली. शाळेच्या गणवेशांची गर्दी होती, आपल्या शिंपीदुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बटणवाल्याने निळी बटणं नक्की कधी पाठवतो ते मेलवर कळवतो म्हणून मला लटकवून ठेवलं होतं. मी दर थोड्या वेळाने मेल उघडत होते. त्यात एक मेल आला, की तुमच्या मेलची जागा संपली आहे, आजच्या आज खालच्या ठिकाणी जाऊन पासवर्ड टाकला नाही तर खातं बंद होईल. माझा जीव त्या बटणांत अडकलेला. दाबलं तिथे. पान नेहमीचंच दिसलं, तेच रंग, तीच चौकट. पासवर्ड टाकला, तर चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा टाकला आणि मेल उघडला. मी कॉम्प्युटरला दोन शिव्या हासडल्या आणि गिऱ्हाइकाचं माप लिहायला गेले. पुढे काहीच झालं नाही. खातं बंद पडलं नाही, काही हरवलं नाही, बटणंसुद्धा आली. मी तो प्रकार विसरूनही गेले.

त्यानंतर तुझे मेल बदलले. आधी तुझे मेल म्हणजे काय असायचं? जिवंत आहे, जेवण भिकार आहे, मोजे फाटले. संपलं पत्र. आता एकदम पानपानभर मजकूर यायला लागला. समुद्र कसा दिसतो, रात्री घराची आठवण कशी येते, ताई तुझी पाठ दुखते का, बाबा दुपारी झोपतात की अजून मशीनवरच बसतात. मला काय वाटलं सांगू? आनंद वाटला. समुद्रावर माणूस हळवा होत असेल, असं मी स्वतःलाच समजावलं. तू विचारायचास आणि मी सांगत सुटायचे. आपली पहिली शाळा कुठली, आईचं माहेरचं आडनाव काय, मांजरीला आपण काय म्हणायचो. इतकी वर्षं आपल्या घरात मला कुणी काही विचारलंच नव्हतं रे. दुकान उघडलं का, इस्त्री तापली का, हेच सगळे प्रश्न. मला कुणीतरी विचारतंय, याचंच अप्रूप होतं.

मग हळूहळू काहीतरी खुपायला लागलं. बाबांना खोकला झाला, मी डॉक्टरांना मेलवर त्यांचे रिपोर्ट पाठवले, तुला काळजी नको म्हणून तुला एक शब्द कळवला नाही. दुसऱ्या दिवशी तुझा मेल, की बाबांचा खोकला कसा आहे. रक्ताची ओढ म्हणतात ती हीच, असं म्हणून मी डोळे पुसले. नंतर शोकेसची काच तडकली तेव्हा तुझ्या मेलमध्ये वाक्य होतं, की नवा निळा पडदा छान दिसतो, आणि तो पुतळा अजून भिंतीकडे तोंड करूनच ठेवतेस का. मी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. समोर नेहमीचाच रस्ता, चपलांचं दुकान, सायकलला टेकून बोलणारी दोन माणसं. तरी मी पडदा ओढून घेतला. शोकेसमधला तो कपडे घालायचा पुतळा रात्री जागा बदलतो म्हणून तू लहानपणी थरथरायचास, म्हणून बाबा तो रोज भिंतीकडे वळवून ठेवायचे आणि ती सवय अजून सुटलेली नाही. पण पडद्याबद्दल मी तुला कधी लिहिलं होतं? आठवेना. लिहिलं असेल, म्हणून गिऱ्हाइकाकडे वळले.

आणि एकदा तर हद्दच झाली. मी तुला मेल लिहायला बसले होते. लिहिलं, की बाबांचे हात हल्ली फार थरथरतात, सुईत दोरा जात नाही, मला भीती वाटते. एवढं लिहिलं आणि वाटलं, नको, लेकरू दूर आहे, कशाला सांगायचं. मेल पाठवलाच नाही, तसाच अर्धवट सोडून चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन परतले तर तुझा मेल आलेला. ताई, बाबांच्या हातांची भीती वाटून घेऊ नकोस. मी कप हातात धरून उभी राहिले, चहा गार झाला तरी. न पाठवलेला मेल तू वाचलास कसा? दुकानात मी आणि बाबा, दुसरं कुणी नाही. मी उगाचच टेबलाखाली वाकून पाहिलं.

टेबलाखाली म्हटलं आणि बघ काय आठवलं. कापड कापायच्या त्या मोठ्या टेबलाखाली आपलं घर होतं. चिंध्यांच्या गाद्या, अस्तराच्या तुकड्यांचे पडदे. तिथेच तू शर्टाचं बटण गिळलं होतंस. तू रडायच्या बेतात होतास आणि मी तुझं तोंड दाबून धरलं, कारण बाबांना कळलं असतं तर दोघांना पट्टीने बडवलं असतं. मग आपण दोघं ते बटण बाहेर पडायची वाट बघत बसलो, आणि तुझ्या पोटात आता शर्ट उगवणार असं मी तुला सांगितलं, हो ना? रोज सकाळी तू मला शर्ट वर करून पोट दाखवायचास. ही गोष्ट आपण आजवर कुणापाशी काढलेली नाही. बाबांपाशीसुद्धा नाही. पत्र संपेपर्यंत ती लक्षात ठेव.

आणखी एक आठवतं. शाळेत आपल्या कपड्यांना पोरं हसायची, की शिंप्याची पोरं आणि दोऱ्याच्या गाठी बाहेर लोंबतायत. तू एकदा रडत घरी आलास आणि तो सदरा घालणारच नाही म्हणून हातपाय आपटलेस. बाबांनी मान वर न करता सांगितलं, की गिऱ्हाइकाच्या कपड्याची गाठ आत, कारण गिऱ्हाईक दिसण्याचे पैसे देतं. पोरांच्या कपड्याची गाठ बाहेर, कारण आतली गाठ अंगाला टोचते. तुमची आई असती तर तिने गाठ कुठे लपवायची ते शोधलं असतं, मला एवढंच येतं. मग त्यांनी तुझं नाक पुसलं आणि तोच सदरा पुन्हा अंगात घातला. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता नाही येत.

तर आता सुटाकडे येते. तुमच्या जहाजावरचा स्वयंपाकी, ज्याच्या जेवणाला तू नावं ठेवतोस आणि ज्याला मामा म्हणतोस, तो मागच्या बंदरात कायमचा उतरला. त्याच्या हाती तू हा सूट दिलास. त्याने गावी पोचल्यावर कुरिअरने तो आम्हाला धाडला. दोन्ही गुडघे गेलेले, डाव्यातून तर माझं डोकं आरपार गेलं असतं. मला हसू आलं. तिथे कंपनी हवे तेवढे सूट देते, तरी तू फाटलेलं घरी पाठवतोस, बाबांच्या हाताला काम राहावं म्हणून. तुला वाटतं आम्हाला कळत नाही. मी आनंदाने मेल केला, की सूट पोचला. उत्तर आलं, की तो तसाच ठेव, कुणाला शिवायला देऊ नकोस, बाबांचा हात त्याला मागे एकदा लागलेला आहे तेवढं पुरे.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तेवढं पुरे म्हणजे काय? फाटलेलं काम बाबांना मिळावं म्हणून धडपडणारा माझा भाऊ हे का लिहील? वाक्यात माया होती, खोटी नव्हती, अगदी तुझीच होती. पण ती आमच्या घरासाठी नव्हती. दुसऱ्याच कुठल्यातरी घराला लिहिलेलं वाक्य चुकून आमच्या दारात पडल्यासारखं वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मेलच्या वर तुझं नाव असतं त्यावर बोट ठेवून खालचा पत्ता उघडून पाहिला. नाव तुझंच, पत्ताही जवळजवळ तुझाच, मध्ये एक अक्षर जादा. मागचे सगळे उघडले. ते लांबलचक हळवे मेल, एकूण एक, त्याच जादा अक्षराच्या पत्त्यावरून आलेले. मी इतके दिवस माझ्या भावाशी बोललेच नव्हते.

सायबर तक्रारी घेणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर डाग, पंख्याची घरघर. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, की वरचं नाव कुणीही कुणाचंही लावतं, बघायचा तो पत्ता. घाई करा नाहीतर बंद होईल, असं कुणी म्हणालं की आधी हात मांडीखाली घेऊन बसायचं. मेलमधल्या दुव्यावरून जाऊन पासवर्ड कधी टाकायचा नाही, आणि शंका आली तर आपल्याला आधीपासून पाठ असलेल्या नंबरावर बोलायचं. मी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होते. मग त्यांनी माझ्या मेलची आतली सेटिंग उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे कुणीतरी नियम करून ठेवला होता, की तुझ्या खऱ्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल मला न दाखवता परस्पर एका कप्प्यात जाऊन पडावा. तो कप्पा होता माझाच, जुन्या बिलांचा, जो मी कधी उघडत नाही. माझ्या खात्यात तो भामटा माझ्यासारखाच ये-जा करत होता. डॉक्टरांचे मेल, काचवाल्याला पाठवलेला शोकेसचा फोटो, मी अर्धवट सोडलेलं लिखाण, सगळं वाचत होता. तुला तो मी बनून लिहायचा आणि मला तू बनून. आपल्या दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता.

दुकानात परत आले. दुपार होती. मी जुन्या बिलांचा कप्पा उघडला, आणि त्यात तू होतास रे. खरा तू. जेवण भिकार आहे. मोजे फाटले. ताई, तू हल्ली असं गोड गोड का लिहितेस, बरी आहेस ना? मला हसायलाही आलं आणि रडायलाही. मग तुझ्या एका मेलखाली मला माझं पत्र सापडलं. म्हणजे मी न लिहिलेलं माझं पत्र. बोलणं माझंच, मध्ये मध्ये बरं का, शेवटी पोटभर जेवत जा. क्षणभर वाटलं, मीच लिहिलंय आणि विसरलेय. त्यात लिहिलं होतं, की मन घट्ट कर. दुपारची वेळ होती, बाबा मशीनवर बसले होते, बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ती पितळी टोपी तशीच, डोक्यावर दिवा चालू. मशीनचा आवाज थांबला म्हणून मी मागे वळून पाहिलं. सगळं संपलं होतं. तू येऊ नकोस, तू पोचेपर्यंत काही उरणार नाही.

आणि मी हे वाचत असतानाच माझ्या पाठीमागचा मशीनचा आवाज थांबला.

तुला शपथेवर सांगते, मला वळायचा धीर होईना. समोर माप बघायचा आरसा आहे, त्यात मी फक्त डोळे वर केले. दिवा चालू होता. मशीनखालचं कापड जिथल्या तिथे होतं. खुर्ची रिकामी होती. किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यात एकच विचार, की त्याने लिहिलं म्हणून हे झालं. मग टेबलाखालून आवाज आला, की सुई पडली आहे, तुझे डोळे शाबूत असतील तर जरा शोध, का त्या डबड्यापुढे ठाण मांडूनच बसणार आहेस आज. मी टेबलाखाली शिरले आणि बाबांच्या गळ्यात पडले. त्यांना वाटलं माझी पाठ धरली.

शेपट्या, बाबा जिवंत आहेत. हीच ती गोष्ट, जी मला पहिल्या ओळीत लिहिता येत नव्हती.

आता तुला कळलं असेल तो निरोप कुठला होता. सूट शिवू नकोस हे तू खरंच लिहिलं होतंस, पण बाबा गेले असं समजून, त्या दुसऱ्या ताईला. त्याने तुझंच दुःख उचललं आणि शिळ्या घासासारखं माझ्या पानात वाढलं, एवढीच त्याची चूक झाली. मजा म्हणजे तो निरोप मी आदल्या दिवशी बाबांना वाचून दाखवला होता, तेव्हा ते कातावले, की कुणाला शिवायला देऊ नकोस म्हणजे, मी काय मेलोय का? मी हसले होते.

मी लगेच पासवर्ड बदलला, तो नियम काढून टाकला आणि तुला सगळं लिहिलं. पण तो माझ्याआधी तुझ्यापाशी पोचला होता. पासवर्ड बदललेला दिसताच त्याने तुला नव्या पत्त्यावरून लिहिलं असणार, की माझा जुना मेल चोराने पळवलाय, आता तो बाबा जिवंत आहेत असं सांगेल, फोटो बनवेल, आवाजही बनवेल, तू हलू नकोस. कारण मी बाबांचा त्या दिवसाचा फोटो पाठवला त्यावर तुझं जे उत्तर आलं ते मी जन्मात विसरणार नाही. तू जो कोण आहेस, माझ्या बहिणीच्या नावाने पुन्हा लिहू नकोस, मेलेल्या माणसाला तरी सोड. तुझ्या ऑफिसला हातापाया पडून कप्तानामार्फत निरोप दिला. त्यांनी तुझं उत्तर मला कळवलं, की ताईने सांगितलंच होतं हे असं होईल. त्या ताईचा मला इतका राग आला, तिचे केस उपटावेसे वाटले. आणि मग लक्षात आलं, की तिचे केस म्हणजे माझेच.

बाबांना सांगावं की नाही, असं मनात होतं, पण माझा चेहरा कुठे लपतो. ऐकल्यावर आधी त्यांनी चौकशी केली, की माझ्या मागे दुकानाचं काय ठरलं, गिऱ्हाइकं रडली का, की नुसती अडकलेले कपडे मागायला आली. चपलांच्या दुकानदाराने खांदा दिला असता की सर्दीचं निमित्त काढलं असतं, यावरही बोलून झालं. नंतर हळूच विचारलं, की पोरगा एकटाच रडला असेल ना तिथे. मी हो म्हटलं. तुझा तो मेल मी त्यांना दाखवला नाही, ज्यात तू लिहिलंयस, की आता घरी कुणासाठी येऊ, करार वाढवून घेतो, बंदरात सही करेन. ती सही केलीस तर पुन्हा सगळा लांबचा फेरा, आणि बाबांचा खोकला काही ऐकत नाहीये. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. मला एवढंच कळतं, की त्यांना उशीर परवडणार नाही. घराच्या कागदांसाठी म्हणून तो भामटा तुझ्याकडे जे मागतोय, तुझी ओळखपत्रं आणि मोबाईलवर येणारा आकडा, त्यातलंही काही देऊ नकोस. पण ते गेलं तरी एकवेळ चालेल. तू घरी यायला हवास.

आता सांगते शेपट्या का म्हटलं. हे पत्र लिहिण्याआधी मी माझे सगळे मेल चाळले, तुला लिहिलेले आणि त्याला लिहिलेले. आपलं लहानपण मी त्याला जवळजवळ सगळं देऊन टाकलंय, हावऱ्यासारखं बोलत सुटले होते ना. शाळा दिली, आई दिली, मांजर दिली, पुतळा दिला. फक्त तीन गोष्टी त्यात कुठेच नव्हत्या. तुझं हे नाव, ते गिळलेलं बटण, आणि गाठ. ती गाठ मी स्वतःच विसरले होते. परवा बाबांनी काही न बोलता तुझा सूट मांडीवर घेतला, मशीनवर नाही, हातानेच शिवायला बसले, दोन सुया मोडल्या आणि मला जवळ येऊ दिलं नाही. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा वळवला तेव्हा मला आठवली. मला साधं बटण लावता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि मेल लिहिणाऱ्याकडे हा सूट नाही. तेव्हा आता घडी मोड. डाव्या गुडघ्याचं ठिगळ बघ. टाके वाकडे आहेत, हसू नकोस, हात थरथरतात. गाठ बाहेरच्या बाजूला आहे. मग दुकानाच्या त्याच जुन्या फोनवर बोल, ज्याचा नंबर बाबांनी तुला पट्टी हातात घेऊन पाठ करून घेतला होता. कुठल्याही मेलमधला नंबर नको. उजवा गुडघा त्यांनी शिवलेला नाही. मी म्हटलं, एवढा केलात तर तोही करा. तर म्हणाले, तो त्याने स्वतः घेऊन यायचा.

तुझीच,
अजून पुढे उभी राहून मागे वळून बघणारी,
ताई